जुन्या ऑटोमॅटिक गाडीचा ट्रान्समिशन रिले कसा तपासावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानदेशात पंधरा-वीस वर्षं जुन्या ऑटोमॅटिक गाड्या मोजक्याच आहेत. बहुतेक पुण्या-मुंबईकडून किंवा सुरतेहून सेकंडहँड आलेल्या. त्यातली एखादी रस्त्यात अडली की पहिलं निदान ठरलेलं असतं: "गिअरबॉक्स गेला, उतरवावा लागेल." मालक घाबरतो, गाडी महिनोन्महिने उभी राहते, कधी भंगाराच्या भावात जाते. जळगावात आम्ही गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो आणि अशा गाड्या आमच्याकडे शेवटचा उपाय म्हणून येतात. खरं तर त्या सगळ्यात आधी यायला हव्यात. गिअरबॉक्सचा एकही बोल्ट सैल करण्यापूर्वी रिले तपासा, आणि नुसता हातात घेऊन नव्हे, त्यावर भार टाकून तपासा. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून फोनवर जे प्रश्न येत राहतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये रिलेचं काम काय?

शेतातल्या मोटरचा स्टार्टर आठवा. बटणातून जाणारा करंट किरकोळ असतो, पण तो आतली कॉइल ओढतो आणि मोठे पॉइंट जोडले जाऊन मोटरला वीज मिळते. गाडीतला रिले हेच काम १२ व्होल्टवर करतो.

गिअरबॉक्सच्या आत, व्हॉल्व्ह बॉडीवर, सोलेनॉइड (विजेवर उघडझाप होणारे छोटे व्हॉल्व्ह) बसवलेले असतात. कोणत्या वाटेने तेलाचा दाब सोडायचा हे ते ठरवतात आणि त्यावरून गिअर बदलतो. या सोलेनॉइडना लागणारी वीज बऱ्याच गाड्यांत एका रिलेतून येते. चावी फिरवली की गिअरबॉक्सचा संगणक आधी स्वतःची तपासणी करतो, सगळं ठीक वाटलं तर रिले ओढतो, मग सोलेनॉइडपर्यंत वीज पोचते. काही गडबड दिसली तर संगणक मुद्दाम रिले सोडून देतो. ही दुसरी गोष्ट पुढे जंपरच्या प्रश्नात कामाला येईल.

"गाडी गेर बदली नही राह्यनी, भाऊ." हा रिलेचाच दोष असू शकतो का?

असू शकतो. सोलेनॉइडची वीज गेली की गाडी एकाच गिअरमध्ये अडकते. मित्सुबिशी आणि ह्युंदाईच्या त्या काळातल्या चार गिअरच्या ऑटोमॅटिक तिसऱ्यात अडकतात. मर्सिडीजच्या ७२२.६ या पाच गिअरच्या गिअरबॉक्सला आणि क्रायस्लरच्या जुन्या चार गिअरच्या गिअरबॉक्सला दुसरा गिअर मिळतो. रिव्हर्स, न्यूट्रल आणि पार्किंग चालू राहतात, कारण त्यांचा व्हॉल्व्ह लिव्हरच्या केबलने सरकतो, त्याला विजेची गरज नसते.

म्हणजे चित्र असं दिसतं: गाडी सिग्नलवरून जडपणे, रडत उचलते. एकदा चाळीसच्या पुढे गेली की बरी चालते, पण इंजिन ओरडत राहतं. 'डी' मध्ये टाका, 'टू' मध्ये टाका, फरक पडत नाही. रिव्हर्स मात्र झकास लागतो. आणि गाडी बंद करून पाच मिनिटांनी सुरू केली तर कधी कधी काहीच झालं नसल्यासारखी चालते.

ही शेवटची खूण लक्षात ठेवा. क्लच प्लेट जळाल्या असतील तर त्या चावी बंद-चालू केल्याने बऱ्या होत नाहीत. चावी फिरवून दोष जात असेल तर वायरिंग, रिले किंवा सेन्सरकडे बघा.

मग गिअरबॉक्सच खराब असल्याची खूण कोणती?

तेल बघा. डिपस्टिक असेल तर काढून पांढऱ्या कापडावर पुसा. लालसर किंवा फिकट तपकिरी तेल ठीक. काळं, जळका वास येणारं, बोटाला कचकच लागणारं तेल असेल तर आतल्या क्लच प्लेट झिजल्या आहेत आणि रिले बदलून ते काम होणार नाही. पातळी मोजताना कंपनीची पद्धत पाळा: बऱ्याच गाड्यांत तेल गरम असताना, इंजिन सुरू ठेवून मोजतात, पण होंडात इंजिन बंद करून लगेच मोजतात. पातळी कमी असली तरी गाडी गिअर घसरवते, आणि तो दोष सोलेनॉइडचा समजला जातो.

रिव्हर्सही नीट लागत नसेल, इंजिन फिरतं पण गाडी सरकत नसेल, तर रिलेवर वेळ घालवू नका.

माझ्या गाडीत हा रिले कुठे आहे?

गाडीप्रमाणे जागा बदलते. इंजिनाजवळचा काळा फ्यूज बॉक्स, डॅशबोर्डखाली ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळचा बॉक्स, किंवा गिअरबॉक्सच्या संगणकाशेजारी. झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा छापलेला असतो. त्यावर 'ए/टी', 'ए/टी कंट्रोल' किंवा 'टीसीएम' असं काही लिहिलेलं शोधा.

प्रत्येक ऑटोमॅटिकमध्ये असा स्वतंत्र रिले असतोच असं नाही. मर्सिडीज डब्ल्यू १२४ च्या चार गिअरच्या गिअरबॉक्समध्ये गिअर तेलाच्या दाबावर बदलतात. काही जपानी गाड्यांत संगणक सोलेनॉइडला थेट वीज देतो, मध्ये रिले नसतोच. नसलेला रिले शोधण्यात दिवस घालवण्यापेक्षा आधी वायरिंगचा नकाशा मिळवा.

तपासायला काय काय लागतं?

डिजिटल मल्टीमीटर, फ्यूज लावलेली एक-दोन जाड वायरचे तुकडे, आणि हेडलाइटचा ५५ वॅटचा जुना पण चालू बल्ब. बल्ब फेकून देऊ नका, या सगळ्या तपासणीत सर्वात उपयोगाचा तोच आहे.

टेस्ट लॅम्प बॅटरीच्या जाड वायरींवर चालतो. संगणकाकडून येणाऱ्या बारीक वायरला मात्र बल्बवाला टेस्ट लॅम्प लावू नका. तो जास्त करंट ओढतो आणि संगणकाचा आतला ट्रान्झिस्टर जाऊ शकतो. तिथे फक्त मीटर.

रिलेच्या पायांवरचे आकडे काय सांगतात?

८५ आणि ८६ हे कॉइलचे पाय. ३० ला बॅटरीची वीज येते, ८७ मधून ती पुढे जाते. पाचवा पाय ८७ए असेल तर रिले बंद असताना ३० त्याला जोडलेला असतो. टोयोटासारख्या जपानी गाड्यांत आकडे वेगळे: १ आणि २ कॉइलचे, ३ आणि ५ पॉइंटचे. शंका आली तर रिलेच्या अंगावर छापलेली छोटी आकृती बघा. पुसली गेली असेल तर मीटर ओहमवर ठेवून ज्या दोन पायांत पन्नास ते सव्वाशेच्या दरम्यान आकडा येतो ते कॉइलचे पाय समजा.

गाडीत असतानाच काय तपासता येईल?

आधी बॅटरी. इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास, सुरू असताना १३.८ ते १४.४. उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी मेलेली असते, आणि कमी व्होल्टेजवर संगणक रिले ओढतच नाही. निम्मी धावपळ इथेच वाचते.

मग रिले उपसून सॉकेट तपासा. ३० च्या जागी चावी बंद असतानाही बॅटरीएवढं व्होल्टेज हवं. काही गाड्यांत मात्र ते चावी फिरवल्यावर येतं. तिथे वीज नसेल तर दोष रिलेच्या मागे आहे: फ्यूज, फ्यूजची तापून काळी पडलेली पकड, किंवा तुटलेली वायर. नंतर कॉइलच्या दोन जागांपैकी एकीला अर्थ (अर्थिंग, म्हणजे निगेटिव्ह) मिळतो का आणि चावी चालू केल्यावर दुसरीला १२ व्होल्ट येतात का ते बघा. काही गाड्यांत उलट असतं, १२ व्होल्ट कायम आणि अर्थ संगणक देतो.

इथे एक अडचण येते. रिले काढलेला दिसला की काही संगणक क्षणभर वीज देऊन लगेच बंद करतात, आणि मीटरवर आकडा दिसेपर्यंत सगळं संपतं. म्हणून शक्य असेल तर रिले सॉकेटमध्ये अर्धा वर ठेवून, त्याच्या पायाला मीटरची सळई टेकवून मोजा. दोन सळया एकमेकींना लागू देऊ नका.

रिले बाहेर काढून कॉइल कशी मोजायची?

मीटर ओहमवर, सळया ८५ आणि ८६ ला. १२ व्होल्टच्या साध्या रिलेत ५० ते १२० ओहम. काहीच आलं नाही तर कॉइल तुटली. अगदी कमी आलं तर आतून शॉर्ट. ३०० ओहमच्या आसपास आलं तर तो २४ व्होल्टचा, ट्रकचा रिले आहे.

ही शेवटची गोष्ट आमच्या भागात खरंच घडते. मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरत-नागपूर रस्ता धुळ्यात मिळतात. ट्रकचा माल या पट्ट्यातल्या दुकानांत मुबलक. दिसायला दोन्ही रिले सारखेच, पायही सारखेच बसतात. कारमध्ये २४ व्होल्टचा रिले कधी ओढतो, बहुतेकदा ओढत नाही. अंगावरचा आकडा वाचून मगच घ्या.

"टिक" असा आवाज येतो. म्हणजे रिले चांगला ना?

नाही. या एका गैरसमजामुळे जितके चांगले गिअरबॉक्स उतरवले गेले असतील तितके दुसऱ्या कशामुळे नसतील.

टिक आवाज म्हणजे कॉइलने पट्टी ओढली, एवढंच. पट्टीच्या टोकाचे पॉइंट वीज नेतात की नाही हे आवाज सांगत नाही. मीटरचा बझरही फसवतो. कंटिन्युइटी मोजताना मीटर जेमतेम एखाद्या मिलिअँपिअरच्या आसपास करंट सोडतो. जळालेल्या पॉइंटवर सुईच्या टोकाएवढी जागा शिल्लक असली तरी तेवढा करंट आरामात जातो आणि बझर वाजतो. सोलेनॉइडना मात्र अँपिअरमध्ये करंट लागतो. पॉइंटमध्ये ०.४ ओहम अडथळा असेल आणि ५ अँपिअर जात असतील, तर २ व्होल्ट तिथेच खाल्ले गेले. सोलेनॉइडला १२ ऐवजी १० मिळाले, तो अर्धवट ओढला, संगणकाने चूक पकडली आणि गाडी तिसऱ्यात टाकली.

म्हणून भार टाका. ८६ ला बॅटरीचं पॉझिटिव्ह, ८५ ला निगेटिव्ह. ३० ला फ्यूज लावलेल्या वायरने पॉझिटिव्ह. ८७ पासून हेडलाइटच्या बल्बला वायर, बल्बचं दुसरं टोक निगेटिव्हला. ५५ वॅटचा बल्ब साधारण साडेचार अँपिअर ओढतो. बल्ब पेटलेला असताना मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक सळई ३० ला, दुसरी ८७ ला लावा. ०.१ व्होल्टच्या आत आलं तर पॉइंट उत्तम. ०.२ च्या वर गेलं तर रिले बदला. आकडा स्थिर राहत नसेल, रिलेवर बोटाने टिचकी मारल्यावर बल्ब लुकलुकत असेल, तरीही बदला. पाच-दहा मिनिटं बल्ब तसाच पेटता ठेवून पुन्हा मोजा, कारण काही रिले तापल्यावरच खरं बोलतात.

एक सावधगिरी: काही रिलेत कॉइलला समांतर डायोड असतो. त्याला उलटी वीज दिली की डायोड जळतो. आकृतीत डायोडची खूण दिसली तर कोणत्या पायाला पॉझिटिव्ह आहे ते बघूनच जोडा.

सकाळी गाडी ठीक चालते, दुपारी अडकते. असं का?

मे महिन्यात हा प्रश्न रोज येतो. भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या पुढे गेला की बॉनेटखाली किती तापत असेल याचा अंदाज करा.

तापल्यावर दोन गोष्टी होतात. पहिली कॉइलमध्ये. तांब्याचा अडथळा दर अंशाला साधारण ०.४ टक्क्याने वाढतो. सकाळी २५ अंशांवर ८० ओहम असलेली कॉइल ८५ अंशांवर ९८-९९ ओहमवर जाते. करंट कमी, ओढ कमी. चांगला रिले तरीही ओढतो. पण बॅटरी कमजोर, अर्थ गंजलेला आणि रिले थकलेला, असं तिन्ही एकत्र आलं की पट्टी अर्ध्यात थरथरते.

दुसरी गोष्ट सोल्डरमध्ये, आणि दुपारच्या तक्रारीत आम्हाला तीच जास्त सापडते. कन्नड घाट चढून आलेली एक जुनी सेदान आमच्याकडे आली होती. थंड असताना सगळे आकडे बरोबर. रिलेचं प्लास्टिकचं टोपण पातळ स्क्रूड्रायव्हरने उचकटून काढलं, आतली सर्किटची छोटी पट्टी उजेडात तिरकी धरली आणि भिंगातून पाहिलं. जाड पायाच्या सोल्डरभोवती केसाएवढी बारीक, गोल, काळी रेघ होती. पाय बोटाने हलवला तर त्या रेघेच्या आत किंचित फिरत होता. थंड असताना पाय आणि सोल्डर एकमेकांना टेकलेले, तापून पसरले की सुटलेले. जुनं सोल्डर ओढून काढून नवीन भरलं आणि गाडी त्याच दिवशी घरी गेली. मर्सिडीजच्या काही मॉडेलमध्ये के४० नावाच्या रिले बॉक्समध्ये हाच दोष जगभर ओळखीचा आहे.

घरी तपासायचं असेल तर रिले बल्बच्या जोडणीत ठेवा आणि केस वाळवायच्या ड्रायरने गरम करा. हाताला चटका बसेल इतपत पुरे. आगीजवळ किंवा हीटगनखाली धरू नका, टोपण वितळेल.

पॉइंट काळे पडलेत. सँडपेपरने घासले तर चालतील का?

गावी पोचण्यापुरते, हो. कायमचे, नाही. पॉइंटवर चांदीमिश्रित धातूचा पातळ थर असतो. तो घासला की खालचा धातू उघडा पडतो आणि पुढच्या खेपेला दुप्पट वेगाने जळतो. सोल्डर पुन्हा मारणं ही दुरुस्ती आहे, पॉइंट घासणं ही नाही.

हॉर्नचा रिले काढून इथे लावून पाहू का?

पायांची रचना, व्होल्टेज, अँपिअर आणि आतली आकृती चारही जुळत असतील तर जरूर. रस्त्यात याहून सोपी तपासणी नाही. फक्त पाय बसले म्हणून लावू नका. दिसायला सारख्या रिलेत आतली जोडणी वेगळी असू शकते.

३० आणि ८७ ला जंपर टाकून गाडी घरी नेली तर?

तपासणीपुरता, काही मिनिटं, योग्य फ्यूज लावलेला जंपर चालतो. जंपर टाकल्यावर गिअर बदलू लागले तर रिले किंवा त्याला ओढणारी वायर दोषी, हे कळतं. काही संगणक मात्र आपण रिले ओढला नसताना वीज आलेली पाहून नवीन चूक नोंदवतात, त्यामुळे जंपरने गाडी सुधारली नाही म्हणून रिलेला निर्दोष ठरवू नका.

कायमचा जंपर कुणी टाकून देत असेल तर नको म्हणा. शॉर्ट झाल्यावर वीज तोडायचं संगणकाचं साधन तुम्ही काढून घेता.

तिसऱ्यात अडकलेली गाडी सपाट रस्त्याने, पन्नास-साठच्या वेगाने घरापर्यंत नेता येते. घाट टाळा. तिसऱ्यात चढ चढताना टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) घसरत राहतो आणि तेल भाजून निघतं. विजेचा छोटा दोष असा खरा गिअरबॉक्सचा दोष होऊन बसतो. लळिंग किंवा कोंडाईबारी घाटाच्या अलीकडे असाल तर अलीकडेच थांबा.

रिले चांगला निघाला. आता?

सॉकेट. रिलेचा पाय धरणारी पितळी पकड सैल झाली की तिथेच तापते, प्लास्टिक तपकिरी होतं. नवा रिले लावून सुद्धा दोष राहतो तो इथे. जिनिंगच्या हंगामात कापसाची बारीक धूळ फ्यूज बॉक्समध्ये साचते आणि पहिल्या पावसात ती ओल धरून ठेवते. हिरवा गंज तिथूनच सुरू होतो. ब्रशने झाडा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पाणी मारू नका.

वायरींवर उंदराचे दात शोधा. रावेर-यावलकडे केळीच्या वखारीजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे हमखास. नंतर इंजिन आणि बॉडीमधली अर्थची पट्टी, मग सोलेनॉइडचा अडथळा (गाडीप्रमाणे तीन ओहमपासून वीस-पंचवीस ओहमपर्यंत), आणि संगणकावर संशय सगळ्यात शेवटी.

पार्किंगमध्ये असताना गाडी स्टार्टच होत नाही, न्यूट्रलमध्ये होते. हाही रिले का?

हा बहुधा गिअरबॉक्सवरचा इन्हिबिटर स्विच. लिव्हर 'पी' किंवा 'एन' मध्ये असल्याशिवाय तो स्टार्टरच्या रिलेला वीज मिळू देत नाही. एका जागी चालतो आणि दुसऱ्या जागी नाही, म्हणजे रिले ठीक आहे, स्विच झिजला किंवा सरकला आहे.

लिव्हर पार्किंगमधून निघतच नाही.

ब्रेक दाबल्याची खूण मिळाल्याशिवाय लिव्हरची कडी सुटत नाही, म्हणून ब्रेक दाबल्यावर मागचे दिवे लागतात का बघा. लागत नसतील तर ब्रेकचा स्विच किंवा त्याचा फ्यूज. तोवर हँडब्रेक ओढा, लिव्हरशेजारची छोटी खाच किंवा बटण चावीने दाबा, लिव्हर सुटेल.

मोबाइलला जोडायचा स्वस्त स्कॅनर चालेल का?

भारतात ओबीडी-२ (गाडीतले दोषाचे कोड स्कॅनरने वाचायची ठरलेली पद्धत) सक्तीचं झालं ते एप्रिल २०१३ पासून. त्याआधीच्या गाड्यांत तसं सॉकेट असलं तरी स्वस्त स्कॅनर गिअरबॉक्सच्या संगणकाशी बोलेलच असं नाही. बोलला तर पी०८८८, पी०८९०, पी०८९१ हे रिलेच्या वीजमार्गाचे कोड, ह्युंदाईत पी१७२३. पी०७०० म्हणजे फक्त "गिअरबॉक्सच्या संगणकाला विचारा". कोड वायरपर्यंत नेऊन सोडतो. दोष रिलेत, सॉकेटमध्ये की फ्यूजमध्ये, ते मीटरनेच शोधावं लागतं.

गाडी अजिबात हलत नाही. टोचन लावून जळगावला आणू का?

दोर बांधून, चारही चाकं रस्त्यावर ठेवून आणू नका. ऑटोमॅटिकचा तेलपंप इंजिन फिरतं तेव्हाच चालतो. इंजिन बंद ठेवून ओढलं की आतले भाग तेलाविना फिरतात आणि तपासायला आणलेला चांगला गिअरबॉक्स वाटेतच जातो. धक्का मारूनही ही गाडी सुरू होत नाही. इंजिन पुढची चाकं फिरवत असेल तर पुढची चाकं उचलणारी क्रेन, मागची फिरवत असेल तर मागची, आणि खात्री नसेल तर सरळ सपाट बॉडीची गाडी मागवा. ऑटोमॅटिक आहे हे क्रेनवाल्याला फोनवरच सांगा.